सदिश चित्र आणि त्याचा मूळ दस्तऐवज : एका संबंधाचा इतिहास

संगणकावर चित्र दोन रीतींनी साठविता येते. एका रीतीत प्रत्येक बिंदूचा रंग नोंदविला जातो. दुसरीत रेषा, वर्तुळे व वक्र यांचे केवळ वर्णन ठेवले जाते. दुसऱ्या प्रकारास सदिश चित्र म्हणतात. त्याच्या इतिहासाचा विचार करताना रेखनाची सुबकता व वेग यांपेक्षा एक प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो : चित्र पडद्यावर उमटल्यानंतर मूळ वर्णनाशी त्याचे नाते टिकते काय, आणि ते वर्णन बदलण्याचा अधिकार कोणाकडे असतो?

या नात्याचा पहिला ठळक आविष्कार आयव्हन सदरलँड यांच्या ‘स्केचपॅड’मध्ये आढळतो. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९६३ मध्ये सादर केलेल्या या प्रबंधासाठी लिंकन प्रयोगशाळेतील टीएक्स-२ हा संगणक वापरला होता. प्रकाशलेखणीने काढलेली आकृती संगणकाच्या स्मृतीत परस्परसंबंधांसह राही. मूळ आकृती बदलली की तिच्या सर्व प्रतिकृती आपोआप बदलत.

पुढे १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲडोबीच्या पोस्टस्क्रिप्ट भाषेने सदिश वर्णनास मुद्रणक्षेत्रात मान मिळवून दिला. तथापि तेथील प्रवास एकाच दिशेचा होता. आज्ञा पाळली गेली, पान रंगले, की आकृतीचे स्वतंत्र अस्तित्व संपे. मुद्रित पानास याहून अधिकाची गरजही नव्हती.

तुटलेला दुवा जुळला तो जागतिक महाजालाच्या निमित्ताने. १९९८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमपुढे पीजीएमएल व व्हीएमएल हे प्रतिस्पर्धी प्रस्ताव आले. त्यानंतरच्या विचारविनिमयातून घडलेल्या एसव्हीजीस ४ सप्टेंबर २००१ रोजी अधिकृत शिफारशीचे स्वरूप लाभले. एसव्हीजी चित्र हा एक्सएमएल दस्तऐवज असल्याने त्यातील प्रत्येक आकृती ही वृक्षरचनेतील एक शाखा ठरते, आणि डॉम या प्रमाणित पद्धतीने बाहेरील प्रणालीस ती शाखा शोधता व बदलता येते.

जावा भाषेत हे कार्य प्रामुख्याने अपाची संस्थेच्या ‘बाटिक’ प्रकल्पाने केले. २००० च्या सुमारास सन, ईस्टमन कोडॅक, आयलॉग आदींच्या सहभागातून तो उभा राहिला. बाटिकमध्ये दोन वृक्ष असतात : एक दस्तऐवजाचा, दुसरा प्रत्यक्ष रेखनाचा. दोहोंमधील सेतू कायम राखण्यास स्मृती खर्ची पडते. यास्तव दस्तऐवजात बदलाची चिन्हे नसतील, तर बाटिक त्यास अचल मानते. अशा वेळी जावा-प्रणालीने वर्तुळाचा रंग बदलला, तर दस्तऐवजात नवा रंग नोंदला जातो, परंतु पडद्यावर जुनाच दिसत राहतो. वीजवितरणाच्या फलकावर बंद पडलेली वाहिनी चालू दिसावी, अशातला हा प्रकार होय. तो टाळण्यासाठी दस्तऐवज सदैव परिवर्तनशील असल्याचे आधीच घोषित करावे लागते.

एवढ्यानेही प्रश्न सुटत नाही. जावामध्ये अनेक थ्रेड एकाच वेळी चालतात. एक थ्रेड आकृती रेखीत असता दुसऱ्याने तिची मापे बदलली, तर अर्धे जुने व अर्धे नवे चित्र उमटू शकते. म्हणून बाटिकने अद्ययावतीकरणाचा एक स्वतंत्र व्यवस्थापक नेमला. प्रथम रेखन झाल्यावर त्याचे काम सुरू होते. प्रत्येक बदल त्याच्या रांगेत ठेवावा, त्याच्याच थ्रेडने तो क्रमाने अमलात आणावा, आणि चित्राचा जेवढा भाग बदलला तेवढाच पुन्हा रेखावा, अशी ही व्यवस्था आहे. बदल पूर्ण होईपर्यंत थांबण्याची सोयही आहे. परंतु खिडकी सांभाळणारा थ्रेडच थांबला, तर खिडकी गोठते.

स्केचपॅडसमोर बसणारा चित्रकार एक होता व त्याची लेखणीही एक होती. अधिकाराचा प्रश्न तेथे उद्भवलाच नाही. जावा-प्रणालीत लेखण्या अनेक झाल्या. त्यामुळे जिवंत चित्राची कल्पना १९६३ चीच राहिली, तरी तिच्या रक्षणासाठी रांगेची शिस्त नव्याने घालावी लागली. पडद्यावरील चित्र विश्वासार्ह ठरते ते या शिस्तीमुळेच.