स्पीडवेचा सगळ्यात भारी रायडर कोण? सहा-सहा-सहाचा वाद आणि त्यामागचं गुणांचं गणित

रील्स स्क्रोल करताना एखादी क्लिप नक्की समोर आली असेल. मातीचा लंबगोल ट्रॅक, चार बाइक, आणि वळणावर चारही बाइक आडव्या. वळण डावीकडे, पण पुढचं चाक मात्र उजवीकडे तोंड करून. ही एडिट केलेली क्लिप नाही. हा खेळच असा आहे. त्याचं नाव स्पीडवे.

आपल्याकडे बाइक रेसिंग म्हटलं की मोटोजीपी. स्पीडवे फारसं कुणाला माहीत नाही. पण पोलंडमध्ये या खेळाचं वेड आपल्या क्रिकेटच्या जवळ जाणारं आहे. ब्रिटन, स्वीडन, डेन्मार्क आणि ऑस्ट्रेलियातही त्याला जुना चाहता वर्ग आहे. या चाहत्यांमध्ये सध्या एक वाद जोरात आहे. तीन रायडर, प्रत्येकाच्या नावावर सहा जागतिक जेतेपदं. मग यातला मोठा कोण?

न्यूझीलंडचा आयव्हन मेजर (इंग्रजी स्पेलिंग बघून लोक 'मॉगर' वाचतात, पण उच्चार मेजर) 1968, 69, 70, 72, 77 आणि 79 साली जिंकला. स्वीडनचा टोनी रिकार्डसन 1994, 98, 99, 2001, 2002 आणि 2005 साली. आणि पोलंडचा बार्तोश झ्मार्झलिक 2019, 20, 22, 23, 24 आणि 25 साली. आकडा तिघांचा सारखाच, पण तो मोजणारं मशीन प्रत्येक वेळी वेगळं होतं. खरा वाद त्या मशीनचा आहे, म्हणून आधी ते समजून घेऊ.

बाइकला ब्रेकच नाही

स्पीडवे बाइकमध्ये 500 सीसीचं एक सिलिंडरचं इंजिन असतं. इंधन पेट्रोल नाही, मिथेनॉल. गिअर एकच. ब्रेक शून्य, पुढेही नाही आणि मागेही नाही. वजन कमीत कमी 77 किलो, म्हणजे आपल्या साध्या 100 सीसी कम्युटरपेक्षाही बरंच कमी. वेग कमी करायचा तर मागचं चाक घसरवायचं, त्या घसरण्यातूनच बाइक वळते. रायडरच्या डाव्या बुटाला पोलादी तळ लावलेला असतो, कारण वळणावर तो पाय जमिनीवर घासत जातो.

एका शर्यतीला हीट म्हणतात. चार रायडर, चार फेऱ्या, मिनिटभरात खेळ खल्लास. पहिल्याला 3 गुण, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1, चौथ्याला भोपळा. हेल्मेटचे रंग ठरलेले असतात: लाल, निळा, पांढरा, पिवळा. त्यामुळे मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवरही कोण कुठे आहे ते कळतं.

एक गोष्ट आपल्या ओळखीची. चेक कंपनी जावा हे स्पीडवेतलं जुनं, मानाचं नाव. ज्या जावाच्या परवान्यावर म्हैसूरला आयडियल जावाच्या गाड्या आणि पुढे येझदी बनल्या, तीच ही जावा. आजोबांची येझदी अजून घरात उभी असेल तर तिचे चुलत भाऊ युरोपात ब्रेकशिवाय पळत होते असं समजा. आज मात्र वरच्या पातळीवर बहुतेक जण इटलीचं जीएम इंजिन वापरतात.

एका रात्रीत वर्ल्ड चॅम्पियन

1936 ते 1994 पर्यंत जगज्जेता एका संध्याकाळी ठरायचा. वर्षभर पात्रता फेऱ्या, आणि शेवटी 16 रायडरची एकच वर्ल्ड फायनल. तिचं गणित फार सुंदर आहे. 16 रायडर, प्रत्येकाला 5 हीट, एका हीटमध्ये चार जण, म्हणजे एकूण 20 हीट. प्रत्येक हीटमध्ये तुमच्यासमोर तीन प्रतिस्पर्धी. पाच गुणिले तीन म्हणजे पंधरा. थोडक्यात, तुम्ही उरलेल्या पंधराही जणांशी बरोबर एकेकदा भिडता. कुणी सुटत नाही, कुणी दोनदा येत नाही. जास्तीत जास्त 15 गुण. एखादा प्रोग्रामर ही रचना बघून खूश होईल.

पण गणित सुंदर असलं म्हणून निकाल सगळ्यांना पटतो असं नाही. पहिल्याच फायनलला, 1936 साली वेम्बलीत, ऑस्ट्रेलियाचा ब्लूई विल्किन्सन पाचच्या पाच हीट जिंकला. पैकीच्या पैकी मार्क. तरीही तो तिसरा! कारण त्या वर्षी आधीच्या फेऱ्यांमधले बोनस गुण फायनलच्या गुणांत मिळवले होते. बेरजेत त्याचाच देशबंधू लायनेल व्हॅन प्राग आणि इंग्लंडचा एरिक लँग्टन बरोबरीत पुढे निघाले, दोघांत जास्तीची एक शर्यत झाली आणि व्हॅन प्राग पहिला जगज्जेता झाला. विल्किन्सनने 1938 साली जेतेपद मिळवलं खरं, पण '36 चा खरा विजेता कोण हा प्रश्न जुने चाहते आजही उकरून काढतात. म्हणजे गुणांवरून भांडण या खेळाच्या पहिल्या दिवसापासूनच आहे.

दुसरं उदाहरण 1973 चं. पोलंडमधलं होझूव्ह, स्टेडियममध्ये लाखभर माणसं. घरच्या मैदानावर येझी श्चाक्येल नावाचा पोलिश रायडर आणि मेजर बरोबरीत आले. निर्णायक शर्यतीत मेजर पडला आणि श्चाक्येल जगज्जेता. पुढे वैयक्तिक स्पर्धेच्या पोडियमवर तो पुन्हा कधी दिसला नाही. एका रात्रीच्या पद्धतीचे विरोधक हे उदाहरण पहिलं देतात. मला ते पूर्ण पटत नाही. श्चाक्येलने त्या रात्री समोर आलेल्या सगळ्यांशी सामना केला, नियम सगळ्यांना एकच होता. नशीब लागलं, पण ते कुठल्या फायनलला लागत नाही?

आणि 1982, लॉस एंजेलिस. चौदाव्या हीटमध्ये अमेरिकेचा ब्रूस पेनहॉल आणि इंग्लंडचा केनी कार्टर खेटून वळले, कार्टर कुंपणाकडे गेला आणि पडला. रेफ्रीने कार्टरलाच बाद केलं. पेनहॉल जिंकला आणि निवृत्ती जाहीर करून टीव्ही मालिकेत काम करायला निघून गेला. त्या हीटचं जुनं फुटेज लोक आजही पॉज करून करून बघतात. धक्का लागला की नाही, त्या क्वालिटीत काही दिसत नाही. दोन्ही बाजूंना आपापलं खरं वाटतं.

1995: लीगसारखा सीझन

1995 पासून पद्धत बदलली. एका फायनलऐवजी वर्षभर वेगवेगळ्या शहरांत फेऱ्या, प्रत्येक फेरी म्हणजे एक ग्रां प्री, आणि सगळ्या गुणांची बेरीज. पहिली फेरी पोलंडमधल्या व्रोत्स्वाफला झाली. योगायोग बघा, झ्मार्झलिकचा जन्मही त्याच वर्षीचा. डेन्मार्कचा हान्स नील्सन या पद्धतीचा पहिला विजेता. त्याने 1986, 87 आणि 89 च्या एकरात्री फायनलही जिंकल्या होत्या. दोन्ही पद्धतींत जगज्जेते झालेले रायडर दोनच, नील्सन आणि रिकार्डसन. रिकार्डसनचे चाहते हा मुद्दा हुकमी एक्का म्हणून टाकतात, आणि तो दमदार आहेच.

नवी पद्धत जास्त न्याय्य, असं सरसकट म्हटलं जातं. वर्षभर सातत्य दाखवणारा जिंकतो, एका पंक्चरमुळे कुणाचं वर्ष वाया जात नाही. पण 2000 साली काय झालं बघा. इंग्लंडचा मार्क लोरम जगज्जेता झाला, आणि त्या सीझनमध्ये त्याने एकही ग्रां प्री जिंकली नव्हती. सातत्य होतं, विजय नव्हता. जुन्या पद्धतीत हे शक्यच नव्हतं.

20-18: दोन गुणांची किंमत

आता येतो सध्याचा सगळ्यात गरम मुद्दा. 2020 च्या आधीची बरीच वर्षं हीटमध्ये मिळवलेले गुणच थेट सीझनच्या खात्यात जायचे. 2020 पासून गुण शेवटच्या क्रमांकावर मिळतात: पहिल्याला 20, दुसऱ्याला 18, तिसऱ्याला 16, चौथ्याला 14, पुढे 12, 11, 10 असं उतरत.

यात एक खोच आहे. पहिला आणि दुसरा यांच्यात फरक फक्त दोन गुणांचा. समजा तुम्ही सलग पाच फेऱ्या जिंकलात आणि तुमचा प्रतिस्पर्धी पाचही वेळा दुसरा आला, तर तुम्ही पुढे जाता अवघे 10 गुण. मोटोजीपीत 25-20 आहे, तिथे हाच फरक 25 गुणांचा होतो. फॉर्म्युला वनमध्ये 25-18, म्हणजे 35. स्पीडवेचा फॉर्म्युला जिंकण्यापेक्षा न चुकण्याला जास्त पैसे देतो.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. 2025 साली ऑस्ट्रेलियाच्या ब्रेडी कर्ट्झने सलग पाच ग्रां प्री जिंकल्या. सलग पाच! आणि सीझन संपला तेव्हा तो झ्मार्झलिकच्या मागे होता. किती गुणांनी? एका. झ्मार्झलिकचं सहावं जेतेपद, ज्यामुळे तो मेजर आणि रिकार्डसनच्या रांगेत आला, ते या एका गुणावर उभं आहे.

कर्ट्झच्या चाहत्यांचा संताप समजू शकतो. पण मला वाटतं, इथे झ्मार्झलिकवर राग काढणं चुकीचं आहे. नियम सीझनच्या आधी सगळ्यांना माहीत होते, आणि तो त्या नियमांप्रमाणे खेळला. ज्या रात्री जिंकता येत नाही त्या रात्री फायनलपर्यंत पोचून दुसरं-तिसरं यायचं, ही त्याची ताकद आहे. मोटोजीपीचे गुण लावून बघा, असं म्हणणाऱ्यांनी एवढंही लक्षात घ्यावं की गुण वेगळे असते तर तोही वेगळा खेळला असता. राग असेल तर 20-18 वर असू द्या, ते बदलण्यासारखं आहेच.

तारांकित जेतेपदं?

झ्मार्झलिकच्या विरोधकांकडे आणखी एक मुद्दा आहे. 2021 साली त्याला हरवून रशियाचा आर्त्योम लागुता जगज्जेता झाला. 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाने रशियन रायडरवर बंदी घातली. गतविजेता लागुता आणि एमिल सायफुतदिनोव, दोघेही बाहेर. म्हणून 2022 नंतरच्या जेतेपदांवर बारीक तारांकन लावा, असं काही जण म्हणतात.

मुद्दा पूर्ण फालतू नाही. पण मग सगळ्यांनाच तारांकन लावावं लागेल. मेजरच्या काळात फायनलच्या जागा विभागवार वाटलेल्या असायच्या, त्यामुळे जगातले सर्वोत्तम 16 एकत्र येतीलच असं नव्हतं. शिवाय हा खेळ माणसं मध्येच हिरावून घेतो. डेन्मार्कचा एरिक गुंडरसन तीनदा जगज्जेता, 1989 साली ब्रॅडफर्डच्या अपघातात करिअर संपलं. ऑस्ट्रेलियाचा डार्सी वॉर्ड 2015 मध्ये पडला आणि व्हीलचेअरवर आला. हे दोघे पळत राहिले असते तर कुणाच्या खात्यातून किती वजा झाले असते, सांगता येत नाही.

मेजरच्या बाजूने बोलणारी गोष्ट सहाच्या आकड्यात दिसतच नाही. 1967 ला तिसरा, 68, 69, 70 ला पहिला, 71 ला दुसरा, 72 ला पहिला, 73 आणि 74 ला दुसरा. सलग आठ वर्षं पोडियमवर, तेही वर्षातून एकच संधी देणाऱ्या पद्धतीत, जिथे इंजिन एकदा फुसकलं की पुढची संधी बारा महिन्यांनी. शेवटचं जेतेपद 39 व्या वर्षी. माझं मत विचाराल तर तिघांत मेजर पहिला, तो याच आठ वर्षांमुळे. दुसरा झ्मार्झलिक, आणि तो अजून थांबलेला नाही, त्यामुळे हा क्रम पेन्सिलीने लिहिलेला बरा. रिकार्डसनच्या चाहत्यांनी रागावू नये, तिसरा म्हणजे काही खालचा नाही.

स्कोअरकार्ड वाचायचं कसं

स्वतः आकडे तपासायचे असतील तर बहुतेक तपशीलवार निकाल पोलिश साइटवर मिळतात. ब्राउझरचं भाषांतर लावलं तरी तक्त्यातली अक्षरं तशीच राहतात, म्हणून ती ओळखून ठेवा. रायडरच्या नावापुढे हीटवार गुण असतात, 3, 2, 3 असे. मध्येच 'डी' दिसला तर बाइक बंद पडली. 'यू' म्हणजे पडला. 'डब्ल्यू' म्हणजे रेफ्रीने बाद केलं. आणि 'टी' म्हणजे सुरुवातीच्या फितीला हात किंवा बाइक लागली. ही फीत वर गेली की शर्यत सुरू होते, तिला आधी स्पर्श झाला की बाद. वर्ल्ड फायनलचा जुना तक्ता उघडलात तर एखाद्या मोठ्या नावापुढे चार वेळा 3 आणि एकदा 'डी' सापडेल. एकूण 12. त्या 'डी'च्या जागी काय आलं असतं, यावर पुढचा वाद सुरू करायला हरकत नाही.