एका लॅपटॉपवर ६४ कॉम्प्युटर

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या फजितीपासून करतो.

बीटेकच्या शेवटच्या वर्षी आमचा प्रोजेक्ट होता, तापलेल्या पत्र्यावर उष्णता कशी पसरते याचं गणित. पत्र्याच्या आडव्या पट्ट्या करायच्या, प्रत्येक कॉम्प्युटरला एक पट्टी द्यायची, आणि दर पायरीला शेजाऱ्यांनी काठावरची ओळ एकमेकांना पाठवायची. लॅपटॉपवर चार प्रोसेस लावून प्रोग्राम मस्त चालला. मग एका संस्थेच्या क्लस्टरवर रात्रीचे दोन तास मिळाले. पत्रा मोठा केला, एंटर दाबलं आणि... काहीच नाही. एरर नाही, आउटपुट नाही. दोन तास संपल्यावर सिस्टिमनं जॉब मारून टाकला. पुढचा नंबर तीन आठवड्यांनी!

चूक काय होती ते सांगतो, पण आधी जरा मागे जाऊ.

१९८३ मध्ये अमेरिकेत कॅलटेकला चार्ल्स साइट्झ आणि जेफ्री फॉक्स यांच्या टीमनं 'कॉस्मिक क्यूब' चालवला. ६४ नोड, प्रत्येकात इंटेलची ८०८६ चिप, म्हणजे त्या काळच्या पीसीच्याच घराण्यातली. सगळ्यांची मिळून एक मेमरी नव्हतीच. ज्याची मेमरी त्याच्यापाशी, शेजाऱ्याकडचं काही हवं असेल तर निरोप धाडायचा. यालाच मेसेज पासिंग म्हणतात.

ही कल्पना लवकरच पुण्यात आली. क्रेचे सुपरकॉम्प्युटर भारताला देताना अमेरिकेनं हात आखडता घेतला, १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. 'त्यांनी नाही म्हटलं, आपण करून दाखवलं' ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. खरी आहे ती. पण मला त्यातली इंजिनिअरिंगची निवड जास्त आवडते. एकच दांडगा प्रोसेसर बनवण्याच्या मागे न लागता त्यांनी ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिप घेतल्या. या चिपमध्ये शेजाऱ्यांशी बोलायला चार लिंक आधीपासूनच होत्या. म्हणजे इथेही निरोपांवरच कारभार.

अडचण एकच होती, प्रत्येक मशीनची बोली वेगळी. एकीकडचा प्रोग्राम दुसरीकडे चालेना. ओक रिज प्रयोगशाळेत १९८९ मध्ये पीव्हीएमचं काम सुरू झालं, १९९२ मध्ये व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गला सगळ्यांसाठी एक नियमावली करण्याची चर्चा झाली, आणि १९९४ मध्ये एमपीआयची पहिली आवृत्ती आली. त्याच वर्षी नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी साध्या ४८६ जातीचे १६ प्रोसेसर इथरनेटनं जोडून 'बेओवुल्फ' उभा केला. बाजारातले पीसी, फुकट सॉफ्टवेअर. क्लस्टर कॉलेजांच्या आवाक्यात आला. सगळ्याच कॉलेजांच्या नाही, हे मी वेगळं सांगायला नको.

मग ज्याच्याकडे क्लस्टरच नाही त्यानं काय करायचं? १९९० च्या दशकाच्या अखेरीस हेन्री कॅसानोवा यांनी कॅलिफोर्नियात सिमग्रिडची सुरुवात केली, पुढे फ्रान्समधल्या संशोधकांनी तो बराच वाढवला. त्यातला एसएमपीआय हा भाग तुमचा खरा एमपीआय प्रोग्राम एका लॅपटॉपवर चालवतो आणि त्याला ६४ कॉम्प्युटर असल्याचं भासवतो. एका फाइलमध्ये लिहायचं, इतके नोड, इतका वेग, अशी केबल. बस, झाला क्लस्टर.

यात गणित खरं, घड्याळ मात्र खोटं. सगळ्या प्रोसेस आळीपाळीनं चालतात. हिशेबाला लॅपटॉपवर किती वेळ लागला ते मोजून काल्पनिक नोडच्या वेगाप्रमाणे कमी-जास्त करायचं. निरोप मात्र कुठल्याच केबलमधून जात नाही, त्याचा वेळ सूत्रानं काढतात. दहा लाख बाइट म्हणजे ८० लाख बिट, १ गिगाबिटच्या केबलवर साधारण ८ मिलिसेकंद. तेवढं घड्याळ पुढे सरकवायचं. एकाच केबलवरून दोन निरोप निघाले तर दोघांत वेग वाटायचा.

आता माझी चूक. एमपीआयमध्ये छोटा निरोप व्हॉट्सॲपसारखा असतो, पाठवला आणि पुढच्या कामाला लागलो. मोठा निरोप ओटीपीवाल्या पार्सलसारखा, समोरच्यानं हातात घेतल्याशिवाय पाठवणारा हलत नाही. छोटा कुठे संपतो आणि मोठा कुठे सुरू होतो, हे ठरवायची मोकळीक नियमावलीनंच दिलेली आहे. मी लिहिलं होतं, 'आधी शेजाऱ्यांना पाठव, मग त्यांच्याकडून घे.' लॅपटॉपवर ओळीत ५०० आकडे, ८ बाइटचा एकेक, म्हणजे ४,००० बाइट. निघून जायचे. क्लस्टरवर १०,००० आकडे, म्हणजे ८०,००० बाइट. दोघं शेजारी एकमेकांच्या दारात पार्सल घेऊन उभे, आणि घरात कोणीच नाही!

हे मला त्या तीन आठवड्यांत सिमग्रिडनं दाखवलं. निरोपाची मर्यादा ६४ किलोबाइट ठेवून ६४ नोडवर चालवलं, तर त्यानं लगेच सांगितलं, सगळे अडकलेत. खऱ्या क्लस्टरला हे कळत नाही, तो वाट बघत बसतो. सिम्युलेटरकडे पुढे काय काय घडणार याची यादी असते. यादी रिकामी, आणि प्रोसेस अजून वाट बघतायत, म्हणजे डेडलॉक. पाठवणं आणि घेणं एकत्र करणारं 'सेंडरिसीव्ह' वापरलं, आणि सुटलं.

तीन आठवड्यांनी खऱ्या क्लस्टरवर प्रोग्राम पूर्ण चालला. सिम्युलेटरनं सांगितलं होतं त्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागला. माझा संशय मेमरीवर आहे. एका नोडवर अनेक प्रोसेस एकाच वेळी मेमरीसाठी भांडत होत्या, आणि माझ्या लॅपटॉपवर तर एका वेळी एकच चालत होती. त्या फाइलमध्ये मी नोड लिहिले होते, केबल लिहिली होती. हे भांडण लिहायचं राहिलं होतं.