मोजलेला जंतू आणि न मोजलेला

प्रशासनात एका रकान्याला किती महत्त्व असते, हे फायलींच्या सहवासात आयुष्य गेलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. तरीही एका रकान्याने एका देशाच्या रुग्णालयांचा कारभार हलविल्याचा इतिहास मी प्रथम वाचला, तेव्हा चकित झालो होतो. हा इतिहास इंग्लंडचा आहे आणि त्याचा नायक, किंवा खलनायक म्हणा, एक जंतू आहे.

ॲबर्डीनचे शल्यविशारद अलेक्झांडर ऑगस्टन यांनी १८८० मध्ये गळवांतील पुवात द्राक्षांच्या घोसासारखे पुंजके दाखवून दिले आणि पुढे त्यांना ‘स्टॅफिलोकॉकस’ हे नाव दिले. त्यांतला सोनेरी जंतू, म्हणजे ‘ऑरियस’, तीनांपैकी एकाच्या नाकात निमूटपणे राहत असतो. कातडीला छेद गेला किंवा शिरेत नळी बसली, की त्याला वाट मिळते. तो रक्तात शिरला, तर आजच्या उपचारांनंतरही साधारणतः पाचांत एक रुग्ण दगावतो. पेनिसिलिनला त्याने काही वर्षांतच दाद देणे सोडले. १९६० च्या सुमारास मेथिसिलिन आले. १९६१ मध्ये पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी त्यालाही न जुमानणारे जंतू लंडनमध्ये नोंदविले. तेच ‘एमआरएसए’.

पुढची तीस वर्षे हा डॉक्टरांचा प्रश्न होता. १९९० नंतर तो राज्यकर्त्यांचा झाला. इंग्लंडमध्ये रक्तातील स्टॅफ ऑरियस संसर्गांपैकी मेथिसिलिनला न जुमानणाऱ्यांचे प्रमाण त्या दशकाच्या आरंभी दोन टक्क्यांच्या आसपास होते. दशकाअखेर ते चाळीस टक्क्यांवर गेले. याची वाच्यता ठळकपणे केली ती लेखापरीक्षकांनी, ही गोष्ट मला विशेष वाटते. आपल्या महालेखापरीक्षकांच्या तोडीच्या तेथील कार्यालयाने फेब्रुवारी २००० च्या अहवालात रुग्णालयजन्य संसर्गांचा अंदाज मांडला : वर्षाला किमान एक लाख संसर्ग, सुमारे पाच हजार मृत्यू, शंभर कोटी पौंडांचा खर्च. आकडे ढोबळ होते. पण पैशाचा आकडा आला की खाती जागी होतात.

एप्रिल २००१ पासून प्रत्येक रुग्णालय-न्यासाला रक्तातील एमआरएसए कळविणे सक्तीचे झाले. नोव्हेंबर २००४ मध्ये आरोग्यमंत्री जॉन रीड यांनी लक्ष्य जाहीर केले : २००३-०४ मधील सुमारे ७,७०० प्रकरणे २००८ पर्यंत निम्मी करायची. खाटेपाशी हात धुण्याचा अल्कोहोलयुक्त द्राव आला, शिरेतील नळ्यांची निगा काटेकोर झाली, डॉक्टरांच्या लांब बाह्या गेल्या. संख्येचा जाब थेट मुख्याधिकाऱ्याला विचारला जाऊ लागला. तज्ज्ञांनी लक्ष्य अशक्य ठरविले होते. पण २००८ च्या मध्यापर्यंत संख्या निम्म्याखाली आली, २००९-१० मध्ये ती १,८९८ झाली आणि २०१२-१३ मध्ये हजाराच्या आत गेली. शासकीय लक्ष्य इतक्या सपशेल रीतीने पुरे झाल्याची उदाहरणे माझ्या पाहण्यात फार नाहीत.

येथे मला माझीच एक गोष्ट आठवते. एका कार्यालयात असताना ‘तीन महिन्यांहून अधिक प्रलंबित’ हा रकाना शून्यावर आणण्याचा आदेश निघाला. आम्ही तो शून्यावर आणला. जुन्या फायली बंद करून त्याच विषयाच्या नव्या उघडल्या, एवढेच. आढाव्याच्या बैठकीत कौतुक झाले आणि मीही ते स्वीकारले. अर्जदारांच्या हाती मात्र काहीच पडले नव्हते.

इंग्लंडमध्ये अशी लबाडी झाली, असे मी म्हणत नाही. तेथली माणसे खरोखरच वाचली. पण रकाना एमआरएसएचा होता. मेथिसिलिनला दाद देणारा त्याचा सख्खा भाऊ, ‘एमएसएसए’, हाही रक्तात शिरून माणसे मारतो; त्याची नोंद मात्र जानेवारी २०११ पर्यंत ऐच्छिक होती. सक्तीने मोजू लागताच २०११-१२ मध्ये पावणेनऊ हजारांच्या घरात प्रकरणे निघाली आणि पुढील दशकात ती वर्षाला बारा हजारांवर गेली. त्यांतील बहुसंख्य रुग्ण हा संसर्ग घरूनच घेऊन येतात. तेथे मुख्याधिकाऱ्याची खुर्ची डळमळीत करून काय होणार?

श्रेयाचाही वाद आहे. ऑक्सफर्डशायरच्या रुग्णालयांतील नोंदी तपासून संशोधकांनी २०११ मध्ये दाखविले, की तेथील घट मोहिमा तीव्र होण्याआधीच सुरू झाली होती आणि ती जंतूच्या ठरावीक वंशांपुरती होती. म्हणजे काही अंशी तो जंतू आपणहून मागे हटत होता. मोहीम निष्फळ होती, असा अर्थ मी काढणार नाही. पण कार्यकारणभाव सिद्ध करण्याआधी सत्कार उरकणे ही आमच्या सेवेची जुनी खोड आहे.

दिल्लीत बसून हे लिहिताना आपल्याकडची आकडेवारी समोर येतेच. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१३ मध्ये प्रतिजैविक-प्रतिरोधाच्या नोंदींचे जाळे उभारले. त्यात अलीकडच्या वर्षांत स्टॅफ ऑरियसच्या नमुन्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक नमुने मेथिसिलिनला न जुमानणारे आढळले. काम मोलाचे आहे. पण अर्थशास्त्राचा विद्यार्थी लगेच विचारतो : चाळीस टक्के कशाचे? हे मोठ्या रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत पोहोचलेल्या नमुन्यांचे प्रमाण आहे. दर हजार रुग्णांमागे किती जण आजारी पडले, याचे उत्तर त्यात नाही. ज्या तालुक्याच्या रुग्णालयात रक्ताचे कल्चरच होत नाही, तेथला रुग्ण छेदात नाही आणि अंशातही नाही. त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर ‘ताप’ किंवा ‘हृदयक्रिया बंद पडणे’ एवढेच लिहिले जाते, आणि तो दाखला रीतसर फायलीला लागतो.