फळमाशीचा वारसा : न्यूयॉर्क ते कुलाबा

१/ नाशिकच्या द्राक्षहंगामात घड जरा जास्त पिकले की त्यांवर चिमुकल्या माशा घिरट्या घालू लागतात. ही फळमाशी, म्हणजेच ड्रोसोफिला. आंबूस वासाचा माग तिला अचूक लागतो. ही घ्राणशक्ती आईबापांकडून वारशाने येते का? या प्रश्नाचा एक महत्त्वाचा शोध मुंबईत घेतला गेला.

२/ आरंभ मात्र न्यूयॉर्कमध्ये. १९१० साली कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांना लाल डोळ्यांच्या माशांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर आढळला. त्याच्या नातवंडांत पांढरे डोळे केवळ नरांनाच लाभले. या गुणाचे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, हे त्यातून उलगडले.

३/ एका गुणसूत्रावरील शेजारची जनुके बहुधा एकत्रच पुढच्या पिढीत उतरतात. हीच सहलग्नता. परंतु जोडीतील गुणसूत्रे आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात, तेव्हा ही सोबत तुटते. जनुके जितकी दूर, तितकी ताटातूट अधिक. मॉर्गन यांचे विद्यार्थी आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी या प्रमाणालाच अंतर मानले आणि १९१३ मध्ये सहा जनुकांचा पहिला नकाशा प्रसिद्ध केला.

४/ आता कुलाबा. होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. १९७७ मध्ये तेथे व्हेरोनिका रॉड्रिग्ज दाखल झाल्या. आईवडील गोमंतकीय, जन्म केनियातला, शिक्षण डब्लिनचे. बुद्धिमान तरुण पश्चिमेची वाट धरत असताना त्या उलट दिशेने आल्या.

५/ दोन फाटे असलेल्या नळीत एका बाजूस गंध ठेवून माशा सोडल्या जात. ज्यांना गंध उमगत नसे, त्या वेगळ्या काढल्या जात. एक्स गुणसूत्र निवडण्यामागे युक्ती होती : नराजवळ ते एकच असते, त्यामुळे त्यावरील दोष झाकला जात नाही. मग डोळ्यांच्या वा शरीराच्या रंगासारख्या परिचित खुणांशी त्या दोषाची सोबत किती वेळा तुटते, हे मोजून त्याची जागा ठरवता येते.

६/ १९७८ मध्ये या गुरुशिष्यांनी गंध आणि चव यांतील अशा दोषांचे आनुवंशिक विश्लेषण प्रसिद्ध केले. गंधग्राहकांची जनुके प्रथम सापडली ती १९९१ मध्ये, उंदरांत. त्या शोधाला २००४ चे नोबेल लाभले. त्याआधी तेरा वर्षे, वर्तनाचाही नकाशा काढता येतो, हे कुलाब्यातील माशा सांगत होत्या. मॉर्गन यांची प्रयोगशाळा पाठ्यपुस्तकांत आहे. कुलाब्याचीही आठवण आपण ठेवायला हवी.