संघात जागा कोणाला?

विजय हजारे सांगलीचे, धर्माने ख्रिस्ती. मुंबईच्या चौरंगी क्रिकेट सामन्यांत युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान असे चारच संघ उतरत. हजारे कितीही चांगले खेळोत, या चौघांपैकी एकाही संघाचे दार त्यांना उघडे नव्हते. 1937 मध्ये 'रेस्ट' नावाचा पाचवा संघ आला, सामने पंचरंगी झाले, तेव्हा कुठे त्यांच्यासारख्यांची सोय झाली. 1943 मध्ये याच रेस्टने हिंदूंविरुद्ध फॉलोऑननंतर 387 धावा केल्या. त्यांतल्या 309 एकट्या हजाऱ्यांच्या! भाऊ विवेक एक बाजू धरून उभा राहिला. दोघांच्या 300 धावांच्या भागीदारीत त्याच्या वाट्याला 21 आल्या. सामना गेला, पण ज्याला इतकी वर्षे जागा नव्हती त्याने काय केले ते मुंबईने पाहिले.

मी कुंडमला मुलांना खेळ शिकवतो. जबलपूर-डिंडोरी रस्त्यावरचे हे गाव पूर्वी मध्यप्रांतात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर. त्या नागपूरचे सी. के. नायडू 1916 मध्ये मुंबईत खेळले ते हिंदूंच्या संघातून. नागपूरच्या किंवा मध्यप्रांताच्या नावाने त्या सामन्यांत उतरता येतच नव्हते. प्रांत आणि संस्थानांच्या संघांची रणजी स्पर्धा 1934 मध्ये सुरू झाली, पण मुंबईची गर्दी पंचरंगीलाच लोटे. तिकिटांचा गल्ला तिथे होता, म्हणून मानही तिथेच होता.

धर्म जुळला तरी न्याय मिळेलच असे नव्हते. पुण्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यावर राबत गोलंदाजी शिकलेल्या पळवणकर बाळूंनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात 114 बळी घेतले. त्या दौऱ्याचे कर्णधार होते पतियाळाचे महाराज. बाळू चांभार समाजाचे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच दिले गेले नाही. 1920 मध्ये विठ्ठल आणि शिवराम या धाकट्या भावांनी या अन्यायाविरुद्ध संघातून अंग काढून घेतले. 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. मला ही जीत हजाऱ्यांच्या त्रिशतकाहून मोठी वाटते.

पैशाचे खरे रूप 1937 मध्ये उघडे पडले. नवे ब्रेबोर्न स्टेडियम तयार झाले आणि प्रेक्षकांच्या जागा कोणत्या जिमखान्याला किती, यावरून भांडण पेटले. हिंदूंनी त्या वर्षी स्पर्धेतूनच माघार घेतली. जे खेळाडू वर्षभर तयारी करत होते, त्यांचे नुकसान खुर्च्यांच्या वाटणीने केले. 1940 च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्याला गांधीजींकडे गेली. धर्मावर आधारलेले संघ गांधीजींना मुळीच मान्य नव्हते, आणि त्यांनी तसे स्पष्ट सांगितले. तरीही सामने 1946 पर्यंत चालू राहिले.

देशाच्या संघाची गतही वेगळी नव्हती. 1936 च्या इंग्लंड दौऱ्यात विजयनगरमचे महाराजकुमार कर्णधार झाले ते पैसा आणि वशिला यांच्या जोरावर. तीन कसोटींत त्यांच्या धावा 33. लाला अमरनाथांना मात्र पहिल्या कसोटीआधीच घरी धाडले गेले.

हे सगळे जुने म्हणून सोडून देता येत नाही. आमच्याकडची गोंड मुले अनवाणी धावत चेंडू अडवतात, हात सोलून घेतात. निवड चाचणीला गेली की कधी बुटांवरून, कधी शाळेच्या नावावरून मागे पाठवली जातात. एका मुलाने चाचणीत सर्वांत जास्त बळी घेतले, तरी यादीत नाव दुसऱ्याचे लागले. कारण विचारले, उत्तर मिळाले नाही.

निवड करणाऱ्यांकडे माझी एकच मागणी आहे. यादी लावाल तेव्हा प्रत्येक नावापुढे त्याच्या चाचणीतल्या धावा आणि बळी लिहा, आणि वगळलेल्यांचेही लिहा. ती यादी कुंडमच्या पोरांनाही वाचता येईल अशा जागी लावा.