द जंगल बुक : पुस्तक आणि १९६७ चा चित्रपट

द जंगल बुक हा इंग्रजी लेखक रुडयार्ड किपलिंग यांचा कथासंग्रह १८९४ मध्ये, तर त्याचा दुसरा भाग द सेकंड जंगल बुक १८९५ मध्ये प्रसिद्ध झाला. लांडग्यांनी वाढवलेल्या मोगली या मुलाच्या आठ कथा या दोन पुस्तकांत विभागलेल्या आहेत. सलग वाचल्यास त्यांना कादंबरीचे रूप येते. या कथांवर आधारित वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेचा ॲनिमेशनपट १८ ऑक्टोबर १९६७ रोजी प्रदर्शित झाला. तो व्यावसायिक दृष्ट्या यशस्वी ठरला. मूळ पुस्तकाच्या अनेक वाचकांची मात्र त्याने निराशा केली.

भौगोलिक पार्श्वभूमी

कथा मध्य भारतातील सिवनीच्या डोंगराळ प्रदेशात आणि वैनगंगा नदीच्या परिसरात घडतात. वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावते, पुढे महाराष्ट्रात येऊन भंडारा शहराजवळून वाहते आणि वर्धा नदीशी संगम झाल्यावर प्राणहिता या नावाने गोदावरीला मिळते. किपलिंग यांचा जन्म १८६५ मध्ये मुंबईत झाला. परंतु मोगलीच्या बहुतेक कथा त्यांनी अमेरिकेतील व्हरमाँट येथे लिहिल्या. सिवनीच्या वर्णनासाठी त्यांनी रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल यांच्या पुस्तकांचा आधार घेतला असे मानले जाते.

वैनगंगा ही या कथांत केवळ पार्श्वभूमी नाही. शेरखान हा लंगडा वाघ तिच्या कोरड्या घळीत म्हशींच्या कळपाखाली तुडवला जातो. दख्खनेतून आलेल्या रानकुत्र्यांच्या टोळीला मोगली तिच्याच कड्यांवरील मधमाश्यांच्या तोंडी देतो. दुष्काळाच्या कथेत मोह फुलत नाही, नदी आटते, पात्रातील खडक उघडा पडतो आणि पाणवठ्यावर कोणी शिकार करू नये असा जलतह हाथी हा हत्ती जाहीर करतो. भंडारा व गोंदिया जिल्ह्यांत पसरलेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात वाघ, बिबट्या, अस्वल, रानकुत्रा आणि मोह आजही आढळतात. त्यामुळे या परिसरातील वाचकाला पुस्तकातील निसर्ग ओळखीचा वाटतो.

चित्रपटाची निर्मिती

वोल्फगांग राइटरमन हे चित्रपटाचे दिग्दर्शक होते. कथालेखक बिल पीट यांचा पहिला आराखडा पुस्तकाप्रमाणेच गंभीर होता. डिस्ने यांना तो मान्य झाला नाही आणि पीट संस्थेतून बाहेर पडले. त्यानंतर हलकीफुलकी, गीतप्रधान पटकथा तयार करण्यात आली. पुस्तक न वाचण्याची सूचना डिस्ने यांनी नव्या लेखकांना दिली होती, असे सांगितले जाते. डिसेंबर १९६६ मध्ये डिस्ने यांचे निधन झाले. चित्रपट त्यानंतर प्रदर्शित झाला.

प्रमुख फरक

का : पुस्तकातील हा अजगर मोगलीचा सुज्ञ मित्र आहे व त्याला माकडांच्या तावडीतून सोडवतो. चित्रपटात तो मोगलीलाच गिळू पाहणारा विनोदी खलनायक होतो.

बालू : पुस्तकात तो जंगलाचा कायदा शिकवणारा कडक गुरू आहे, तर चित्रपटात बेफिकीर, गाणारा सवंगडी.

माकडे : किपलिंग यांच्या माकडांना ना राजा आहे ना कायदा. चित्रपटात लुई नावाचा ओरांगउटान त्यांचा राजा आहे. हा प्राणी बोर्निओ व सुमात्रा बेटांवर आढळतो, भारतात नाही.

हाथी : जंगलाचा मितभाषी वडीलधारा चित्रपटात कवायत घेणारा ब्रिटिश थाटाचा कर्नल होतो.

शेवट : पुस्तकात गावकरी मोगलीला चेटक्या ठरवून दगड मारून हाकलतात, कळपातही त्याला पूर्वीचे स्थान उरत नाही आणि पुढे तो हत्तींकरवी ते गाव उद्ध्वस्त करतो. चित्रपटात पाणी भरणाऱ्या एका मुलीच्या मागे तो आनंदाने गावात जातो. शेरखान मरत नाही, शेपटीला बांधलेल्या जळत्या फांदीला भिऊन पळतो.

मूल्यमापन

चित्रपटातील गीते, पात्रांचे आवाज आणि रेखाटन यांची प्रशंसा झाली. आक्षेप मुख्यतः आशयाविषयी आहे. पुस्तकाच्या केंद्रस्थानी जंगलाचा कायदा आहे : कोणी, केव्हा व कशासाठी मारावे, दुष्काळात पाणी कसे वाटून घ्यावे, कळपाचे ऋण कसे फेडावे. हा कायदा शिकूनही मोगली जंगल आणि गाव या दोहोंना परका राहतो. चित्रपटाने कायदा वगळल्यामुळे त्याचे हे परकेपणही नाहीसे झाले आणि गावाकडे जाणे ही सहज घरवापसी ठरली. नदी व ऋतू गेल्याने कथेचा वैनगंगेच्या खोऱ्याशी असलेला संबंधही तुटला. मात्र मूळ पुस्तकही निर्दोष मानले जात नाही. किपलिंग यांच्या वसाहतवादी दृष्टिकोनावर समीक्षकांनी टीका केली आहे.

नंतरची रूपांतरे

जॉन फॅवरो यांच्या २०१६ च्या चित्रपटात जंगलाचा कायदा आणि जलतह परत आले, पण राजा लुईही कायम राहिला. अँडी सर्किस यांच्या २०१८ च्या चित्रपटाने पुस्तकातील गंभीर सूर स्वीकारला.