उथळ पाण्याचे वाटाडे

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकापासून नैऋत्येकडे वळत गेलेल्या बेटांच्या रांगेला ‘फ्लोरिडा कीज’ म्हणतात. रांगेच्या एका अंगाला अटलांटिक महासागर, दुसऱ्या अंगाला ‘फ्लोरिडा बे’ हा विस्तीर्ण पण उथळ उपसागर. दोन्हीकडे मैलोन्‌मैल गुडघाभर, मांडीभर पाणी असते; ओहोटीला काही भाग उघडाच पडतो. तळाशी चुनखडीचा मऊ गाळ, त्यावर ‘टर्टल ग्रास’ या सागरी गवताची कुरणे आणि मधूनमधून तिवरांची बेटे. या पाण्यात पैसे मोजून आलेल्या पाहुण्याला होडीतून मासा दाखवायचा आणि तो गळाला लावून द्यायचा, हा येथील वाटाड्यांचा व्यवसाय. तो जेमतेम शंभर वर्षांचा आहे. पण जगभर उथळ समुद्रात आज अशी जी मासेमारी चालते, तिची रीतभात बहुतांशी येथेच ठरली.

ही मासेमारी तीन माशांभोवती फिरते: बोनफिश, परमिट आणि टार्पन. बोनफिश काट्यांनी भरलेला. टार्पन शंभर पौंडांच्या पुढे सहज जातो, पण त्याचे मांस कोणी चवीने खात नाही. परमिट खाण्याजोगा आहे, मात्र इतका बुजरा की त्याच्यावर कोणाचे पोट भरायचे नाही. म्हणजे बाजाराच्या हिशेबाने हे पाणी जवळजवळ निरुपयोगी. वाटाड्या मासे विकत नाही, नजर विकतो. या व्यवसायाच्या इतिहासातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा या एका मुद्द्याने होतो.

ही नजर मात्र वाटाड्यांच्या आधीपासून होती. बहामामधून येऊन कीजमध्ये स्थायिक झालेल्या लोकांना ‘काँक’ म्हणत. अननस, लिंबे, कासवे आणि समुद्री स्पंज यांवर त्यांची गुजराण चाले. स्पंज काढताना एक जण लहान होडी हळूहळू सरकवी आणि दुसरा तळाला काच बसवलेल्या बादलीतून समुद्राचा तळ न्याहाळत लांब काठीच्या आकड्याने स्पंज उपटून घेई. कोणत्या भरतीला कोणत्या खाचेतून पाणी आत येते, वारा कोणत्या बाजूचा असला की गढूळ होते, हे या माणसांना पाठ होते. १९३८-३९ च्या सुमारास रोग पडून स्पंजचा धंदा बसला. तोवर त्या नजरेला दुसरे गिऱ्हाईक मिळू लागले होते.

हे गिऱ्हाईक आणले हौसेने आणि आगगाडीने. १८८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डब्ल्यू. एच. वुड यांनी फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, पुंटा रासाजवळ, काठी आणि रिळावर टार्पन पकडला. काठी-रिळावरचा पहिला टार्पन म्हणून त्याचीच नोंद सांगितली जाते. तोपर्यंत एवढा मासा भाल्याशिवाय हाती लागणार नाही असाच समज होता. बातमी पसरली आणि उत्तरेचे धनिक हिवाळ्यात फ्लोरिडाकडे वळू लागले. पुढे हेन्री फ्लॅग्लर यांच्या रेल्वेने बेटामागून बेट पुलांनी जोडले आणि जानेवारी १९१२ मध्ये पहिली गाडी की वेस्टला पोहोचली. वाटेवरच्या लाँग की बेटावर रेल्वे कंपनीने मासेमारीचा तळ उभारला. १९१७ मध्ये तेथे क्लब निघाला, त्याचे अध्यक्ष होते लोकप्रिय कादंबरीकार झेन ग्रे. १९१९ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी बोनफिशवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि हा काटेरी मासा एकदम प्रतिष्ठित झाला. तेव्हाची पद्धत मात्र बसून राहण्याची होती. होडी खुंटवायची, खेकड्याचे किंवा कोळंबीचे आमिष सोडायचे आणि वाट पाहायची.

२ सप्टेंबर १९३५ च्या चक्रीवादळाने हा अध्याय एका रात्रीत मिटवला. अमेरिकेच्या भूमीवर आदळलेल्या वादळांत ते आजवरचे सर्वांत तीव्र मानले जाते. चारशेहून अधिक माणसे गेली. त्यांत रस्त्याच्या कामावर आणलेले पहिल्या महायुद्धातले माजी सैनिक बरेच होते. लाँग कीचा तळ वाहून गेला आणि लोहमार्ग उखडला तो कायमचाच. रेल्वेचे उरलेले पूल वापरून १९३८ मध्ये मोटारींचा रस्ता खुला झाला. आगगाडीने धनिक आणले होते. आता मोटारीने साधा हौशी माणूसही येऊ लागला. क्लबच्या चाकरीऐवजी स्वतःची होडी, स्वतःचे गिऱ्हाईक असा स्वतंत्र वाटाड्या खऱ्या अर्थाने या रस्त्यावर उभा राहिला.

त्याचे केंद्र झाले इस्लामोराडा. येथील कॅप्टन बिल स्मिथ यांनी १९३९ मध्ये फ्लायवर, म्हणजे पिसे आणि केस बांधून केलेल्या नकली आमिषावर, ठरवून बोनफिश पकडला. हे प्रथम त्यांनीच साधले असे सर्वसाधारणपणे मानतात. त्यांची पत्नी बॉनी स्मिथ स्वतः वाटाडी होती. तिच्या दोन बहिणी, फ्रँकी आणि ब्यूला, याही याच धंद्यात होत्या. पुढच्या काळात हा व्यवसाय पुरुषांचाच समजला गेला, म्हणून तीन बहिणींची ही हकीकत मुद्दाम सांगावी लागते. फ्रँकीचे पती जिमी ऑलब्राइट हे या पिढीतले सर्वांत नावाजलेले वाटाडे. जाड आणि बारीक दोरा एकमेकांना जोडण्याची त्यांची गाठ आजही ‘ऑलब्राइट’ नावानेच शिकवली जाते. १९४७ मध्ये त्यांच्या होडीतून लेखक जो ब्रूक्स यांनी फ्लायवर बोनफिश पकडले आणि त्यावर लिहिले. गोड्या पाण्यात ट्राउटमागे फिरणारा वाचक त्यामुळे समुद्राकडे वळला. बेसबॉलपटू टेड विल्यम्स इस्लामोराडातच घर करून राहिले. माजी अध्यक्ष हर्बर्ट हूवर की लार्गोला बोनफिशसाठी येत, तर थोरले जॉर्ज बुश इस्लामोराडाला.

या धंद्यातली खरी कसोटी होडी चालू असताना नव्हे, इंजिन बंद केल्यावर लागते. गिऱ्हाईक नाळेवर हातात काठी घेऊन उभे राहते. वाटाड्या मागे उभा राहून वीसेक फुटांच्या काठीने तळाला रेटा देत होडी पुढे सारतो. काठी फळीवर आपटली किंवा पाऊल जोरात पडले तरी मासे पसार होतात. बोनफिशच्या अंगावर आरशासारखे खवले असतात. त्यांत तळाचाच रंग उमटतो, त्यामुळे मासा दिसत नाही, त्याची सावली दिसते. कधी गवतात तोंड खुपसून खेकडे उकरताना शेपटीचे टोक पाण्याबाहेर येते, कधी उडालेल्या गाळाचा फिकट डाग तेवढा दिसतो. वाटाड्या होडीची नाळ म्हणजे बारा वाजता असे धरून दिशा सांगतो: ‘दहा वाजता, चाळीस फूट, डावीकडे चाललाय.’ फेक चार फूट पुढे पडली तर मासा वळतो. डोक्यावर पडली तर सगळा थवा उधळतो. टार्पनची तऱ्हा वेगळी. तो पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो, म्हणून लांबूनही कळतो. गळाला लागल्यावर तो अख्खा पाण्याबाहेर उसळतो. त्या क्षणी काठी झुकवून दोरा सैल सोडायचा, नाहीतर दोरा तुटतो किंवा टणक जबड्यातून गळ निसटतो. तरबेज वाटाड्याचे गिऱ्हाईकही येथे चुकतेच, आणि ते चुकल्यावर वाटाड्या काय बोलतो यावर दुसऱ्या दिवसाचे आरक्षण बरेचसे अवलंबून असते.

साधने या गरजेप्रमाणे बदलत गेली. उन्हाची चकाकी कापणारे पोलराइज्ड चष्मे १९३० च्या दशकाअखेरीस बाजारात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लासच्या काठ्या आणि नायलॉनचा दोरा आला. टॅव्हर्नियर येथे विली रॉबर्ट्स यांनी बांधलेल्या लाकडी होड्या वाटाड्यांच्या पसंतीला उतरल्या. मग बॉब ह्यूज यांच्या फायबरग्लासच्या होड्या आल्या. १९७० च्या दशकात बिस्केन बेवरचे वाटाडे बिल कर्टिस यांनी इंजिनाच्या वर उंच मचाण बसवले. डोळा चार-पाच फूट वर गेला की पाण्याकडे पाहण्याचा कोन बदलतो आणि दुरून मासा दिसू लागतो. कल्पना इतकी साधी की ती आधी कोणाला का सुचली नाही याचेच नवल. आज अशा होडीला हे मचाण नसले तर तिला या कामाची कोणी म्हणणार नाही.

मायामीपासून पन्नासेक मैलांवरच्या बिमिनी बेटावर हीच विद्या बहामी वाटाड्यांकडे होती, आणि पुस्तकांत त्यांची नावे मागे पडली असली तरी तिथला वारसा कमी प्रतीचा नव्हता. ॲन्सिल सॉन्डर्स हे होड्या बांधणारे आणि बोनफिशचे वाटाडे. १९६४ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग बिमिनीला आले तेव्हा सॉन्डर्स त्यांना होडीतून तिवरांमधल्या शांत पाण्यात घेऊन गेले. नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच्या भाषणावर किंग यांनी तेथे काम केले. १९६८ मध्ये हत्येपूर्वी काही काळ ते पुन्हा त्याच पाण्यात गेले होते.

कीजमध्ये १९६० च्या दशकापासून टार्पनच्या स्पर्धा भरू लागल्या आणि वाटाड्या-वाटाड्यांत चुरस वाढली. चांगली जागा कोणाची, कोण कोणाच्या आडवे गेले, यावरून धक्क्यावर वैरे झाली. टॉमस मॅक्ग्वेन यांची १९७३ ची कादंबरी ‘नाइंटी-टू इन द शेड’ की वेस्टच्या दोन वाटाड्यांच्या अशाच वैरावर उभी आहे. त्यात एकाची होडी जाळली जाते. त्या काळी मासा मारणे हाच पुरावा होता. टार्पन धक्क्यावर टांगायचा, वजन करायचे, छायाचित्र काढायचे. जमले तर पेंढा भरून दिवाणखान्यात लावायचा, नाहीतर कचऱ्यात.

ही रीत बदलली ती निव्वळ भूतदयेने नव्हे. सोडलेला मासा पुन्हा दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवता येतो, हा हिशेब वाटाड्यांना इतरांच्या आधी कळला, आणि कायद्यासाठी सर्वांत जास्त आवाज त्यांनीच उठवला. एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानात फ्लोरिडा बेचा मोठा भाग येतो. तेथील व्यापारी मासेमारी १९८५ च्या अखेरीस बंद झाली. १९८९ पासून टार्पन मारायचा तर ५० डॉलरचा परवाना-बिल्ला घ्यावा लागू लागला. १९९४ च्या मतदानाने फ्लोरिडाच्या राज्यघटनेतच जाळ्यांवर निर्बंध आले. यात व्यापारी कोळ्यांची बाजू दुबळी पडली आणि अनेक कुटुंबांचा धंदा गेला, हेही नोंदवायला हवे. कीजमधल्या या उथळ मासेमारीची वार्षिक उलाढाल पुढे एका पाहणीत सुमारे ४६ कोटी ५० लाख डॉलर भरली; मतदारांपुढे आणि अधिकाऱ्यांपुढे मांडायला असा आकडा कोळ्यांकडे नव्हता.

पाण्याचा प्रश्न मात्र गळाने सुटणारा नाही. विसाव्या शतकात कालवे आणि रस्ते बांधून एव्हरग्लेड्सचे गोडे पाणी वळवले गेले. ते उपसागरात कमी पोहोचू लागले तशी खारटपणाची पातळी चढली, आणि १९८७ पासूनच्या काही वर्षांत व पुन्हा २०१५ मध्ये हजारो एकर टर्टल ग्रास सडून गेले. गवत गेले की कोळंबी, खेकडे जातात, मग बोनफिश. वाटाड्यांच्या स्वतःच्या होड्याही निर्दोष नाहीत: इंजिनाच्या पात्याने गवतात पडलेला चर भरून यायला वर्षानुवर्षे लागतात. म्हणून २०११ मध्ये उद्यानातल्या स्नेक बाइट या भागात मुख्य इंजिन बंद करून काठीने किंवा लहान विजेच्या मोटरनेच जाण्याचा नियम झाला. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासात दक्षिण फ्लोरिडातल्या ९३ बोनफिशांच्या शरीरांत सरासरी सात औषधांचे अंश सापडले, एका माशात तर १७ औषधांचे. सांडपाण्यातून आलेल्या या औषधांत रक्तदाबाच्या आणि नैराश्याच्या गोळ्याही होत्या.

२०१३ पासून फ्लोरिडात बोनफिश सोडून देणे सक्तीचे आहे. टार्पनही सोडावाच लागतो. विक्रमाच्या नोंदीसाठी मारायचा असेल तर माणशी वर्षाला एकच बिल्ला मिळतो. बिल्ला नसेल तर ४० इंचांहून मोठा टार्पन होडीत उचलून घ्यायलाही मनाई आहे. छायाचित्र हवे असेल तर वाटाड्या मासा होडीच्या कडेला पाण्यातच धरतो आणि गिऱ्हाइकाला खाली वाकायला सांगतो.